दारू आणि पुरुषाचं कामजीवन: एक रात्र, एक महिना, वीस वर्षं

दारू घेतली की 'टायमिंग' वाढतं, असं छातीठोकपणे सांगणारे पुरुष गावोगाव भेटतात. दारूनं नवऱ्याचं 'सगळंच गेलं', असं दबक्या आवाजात सांगणाऱ्या बायकाही तितक्याच भेटतात. दोघंही खरं बोलत असतात. फक्त एक जण एका रात्रीबद्दल बोलतो आणि दुसरी पंधरा-वीस वर्षांबद्दल. या विषयावरचं गेल्या पन्नासएक वर्षांतलं संशोधन वाचताना मला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसला. एका संध्याकाळच्या प्रयोगाचे निष्कर्ष व्यसनी माणसाला लावले जातात, आणि व्यसनी माणसाची हानी शनिवारी दोन पेग घेणाऱ्याला भीती घालायला वापरली जाते. हे काळाचे टप्पे वेगळे ठेवले, तर परस्परविरोधी वाटणारे बरेचसे दावे आपोआप जागेवर बसतात.

जुन्या वैद्यांनाही यातली द्विधा ठाऊक होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरणाला, म्हणजे कामशक्ती वाढवण्याच्या उपचारांना, स्वतंत्र अध्याय आहे आणि मद्याच्या विकारांना, म्हणजे मदात्ययाला, वेगळा. त्या अध्यायात विधिपूर्वक घेतलेल्या मद्याची स्तुती आहे. आणि मद्याचे दहा गुण शरीराचं सार मानलेल्या ओजाच्या दहा गुणांच्या नेमके उलट आहेत, हेही तिथेच सांगितलं आहे.

आधी माप ठरवू, कारण 'थोडी घेतो' या दोन शब्दांत काहीही मावतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोलचं प्रमाण साधारण ४२.८ टक्के असतं. म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे 'मी फक्त बिअर घेतो' या वाक्यात फारसा दम नाही. साठ किलो वजनाच्या पुरुषानं एक छोटा पेग घेतला, तर रक्तातली पातळी दर १०० मिलीमागे अंदाजे २५ मिलिग्रॅमपर्यंत जाते. गाडी चालवण्यासाठी कायद्यानं घातलेली मर्यादा ३० आहे. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं ही पातळी उतरवतं, म्हणून दोन तासांत क्वार्टर संपवणारा तोच माणूस उठताना ११५-१२० च्या घरात असतो. पुढचे आकडे या पट्टीवर वाचावेत.

एका रात्रीचे प्रयोग मुख्यतः १९७० च्या दशकात अमेरिकेत झाले. पद्धत सगळीकडे साधारण सारखी होती: निरोगी तरुण, बहुधा विद्यार्थी, मोजून दिलेली दारू, कामोत्तेजक चित्रफीत, आणि लिंगाच्या घेरात पडणारा फरक नोंदवणारं एक लवचीक कडं. फार्कास आणि रोझेन यांनी १९७६ मध्ये १६ विद्यार्थ्यांवर शून्य, २५, ५० आणि ७५ मिलिग्रॅम अशा पातळ्या तपासल्या. २५ ला ताठरता घटली नाही. त्यापुढे पातळी चढत गेली तशी ती उतरत गेली, आणि हृदयाचे ठोके मात्र वाढत गेले. आपल्या मापात सांगायचं तर एका छोट्या पेगनं काही बिघडलं नाही. दोन मोठ्या पेगांच्या आसपास फरक मोजता येण्याइतका झाला. मालाटेस्टा आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पुढचा टप्पा तपासला. रक्तातली दारू जितकी जास्त, तितका वीर्यपतनाला वेळ जास्त लागला, आणि त्या क्षणाची तीव्रता कमी झाल्याचं पुरुषांनीच सांगितलं. 'टायमिंग'च्या दाव्याला एवढा आधार नक्की आहे. त्यासोबत दिलेली किंमत बारमधल्या गप्पांत सांगितली जात नाही, इतकंच.

त्याच वर्षांतला सगळ्यात चलाख प्रयोग मात्र दारूपेक्षा दारूवरच्या विश्वासाचा होता. रटगर्स विद्यापीठातल्या विल्सन आणि लॉसन यांनी पुरुषांचे चार गट केले. काहींना व्होडका-टॉनिक आहे असं सांगून व्होडकाच दिली. काहींना तसंच सांगून नुसतं टॉनिक दिलं. काहींना टॉनिक म्हणून व्होडका पाजली, आणि उरलेल्यांना टॉनिक सांगून टॉनिकच दिलं. पेल्यात काय आहे यापेक्षा 'आपण प्यायलोय' असं ज्यांना वाटत होतं, त्यांची उत्तेजना जास्त निघाली, मग पेल्यात नुसतं टॉनिक का असेना. (दिलेली मात्रा कमी होती, हे विसरू नये; अर्धी बाटली रिचवलेल्या माणसाला टॉनिक प्यायल्याचं पटवणं कोणत्याच शास्त्रज्ञाला जमणार नाही.) 'दारूनं मूड येतो' या अनुभवातला मोठा वाटा असा डोक्यातला आहे. दारू लाज सैल करते, समोरचं तेवढंच दिसू देते, उद्याचा विचार मागे ढकलते. पुढच्या काळात सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विल्यम जॉर्ज यांच्या गटानं यात आणखी एक बारकावा घातला: १०० च्या आसपासच्या पातळीलाही, 'उत्तेजित व्हायचा प्रयत्न करा' अशी सूचना दिली की नाही, यावर निकाल काही प्रमाणात बदलतो. पातळी जास्त असतानाही शरीर पूर्ण बंद पडत नाही, पण जास्त कष्टानं चालतं.

या प्रयोगांवर माझा आक्षेप त्यांच्या माणसांबद्दल आहे. विशीतला विद्यार्थी, एकटा, बंद खोलीत, पडद्यासमोर. पंचेचाळिशीतला, साखर वाढलेला, दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणारा, कर्जाच्या हप्त्यांचा विचार करत घरी येणारा माणूस त्या खोलीत कधी शिरलाच नाही. शिवाय नीतिनियमांमुळे बहुतेक प्रयोग १०० च्या खालीच थांबले, आणि क्वार्टर संपवणारा माणूस जिथे असतो तिथलं फारसं कुणी मोजलेलं नाही.

आता संवेदनेकडे वळू, कारण 'दारूनं नसा बधिर होतात' हे वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. लिंगाच्या त्वचेतली संवेदना त्याच्या वरच्या बाजूनं जाणाऱ्या चेतातंतूतून, पुडेंडल नर्व्हमार्गे, मज्जारज्जूच्या तळाकडच्या भागात पोचते. शिश्नमुंडाच्या त्वचेत बहुतेक मोकळी चेताग्रं असतात. हाताच्या बोटांसारखी बारीक स्पर्श ओळखणारी विशेष रचना तिथे कमी. ताठरतेचा आदेश त्याच तळाच्या भागातून, दुसऱ्या ते चौथ्या त्रिक मज्जाखंडांतून, परानुकंपी तंतूंवाटे निघतो. हे तंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात, स्नायू सैल पडतात, रक्त भरतं. वीर्यपतनाची सूत्रं वरच्या, अनुकंपी भागाकडे असतात. एवढ्या लांबच्या साखळीत एका रात्रीची दारू नेमकी कुठे बोट ठेवते? मुख्यतः वरच्या टोकाला. अल्कोहोल मेंदूत आणि मज्जारज्जूत 'गाबा' या दडपणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवतं आणि ग्लुटामेट या उद्दीपकाची एनएमडीए ग्राहकांवरची वाट अडवतं. त्वचेतली चेताग्रं शाबूत असतात, संदेश निघतो, पोचतोही. तो पोचल्यावर त्याला मिळणारा प्रतिसाद मंद असतो. वेदनेबाबत हे चांगलं मोजलं गेलं आहे. २०१७ मध्ये १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात रक्तातली पातळी ८० च्या आसपास असताना माणसं त्याच वेदनेला बरीच कमी तीव्र म्हणाली. सकाळी दारू उतरली की ही बधिरता जाते.

सकाळच्या ताठरतेबद्दलही दोन शब्द. झोपेतल्या ताठरता मुख्यतः स्वप्नांच्या झोपेत येतात, आणि दारू रात्रीच्या पूर्वार्धात तीच झोप दाबते. त्यामुळे पिऊन झोपलेल्या रात्रीनंतर सकाळी 'काहीच नव्हतं' म्हणून घाबरण्यात अर्थ नसतो.

मधला टप्पा, आठवडे-महिन्यांचा, बहुतेक लोकप्रिय लेखांतून गळून जातो. इथे नसांपेक्षा हार्मोन बोलतात. १९७६ मध्येच चार्ल्स लीबर यांच्या गटानं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ११ निरोगी पुरुषांचा अभ्यास छापला. त्यांना चांगल्या आहारासोबत चार आठवड्यांपर्यंत रोज दारू दिली होती. यकृताचा आजार नव्हता, उपासमार नव्हती, तरीही टेस्टोस्टेरॉन उतरलं. वृषणातली निर्मिती घटली, मेंदूकडून येणारा हुकूम बदलला, आणि यकृतानं हे हार्मोन मोडून टाकण्याचा वेग बदलला. तोपर्यंत 'दारुड्याचं पौरुष यकृत सडल्यावर जातं' असं मानलं जात होतं. यकृत धडधाकट असतानाच सुरुवात होते, हे या छोट्या अभ्यासानं दाखवलं. वृषणात आणखी एक नाजूक अडथळा आहे: अल्कोहोल मोडणारं विकर तिथे 'अ' जीवनसत्त्वाला शुक्राणू बनवण्यासाठी लागणाऱ्या रूपात बदलायचं काम करत असतं. दारू आली की ते तिच्यातच गुंततं. डेन्मार्कमध्ये सैन्यभरतीच्या तपासणीला आलेल्या १,२२१ तरुणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीचं पिणं जसं वाढलं तशी वीर्याची प्रत घसरली, आणि आठवड्याला २५ युनिटच्या (प्रमाणित मापाच्या पेगांच्या) वर घसरण ठळक दिसली. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण प्रयोगशाळेतल्या कारणांशी ती जुळते. यकृताचा सिरोसिस झाला की चित्र आणखी बिघडतं: स्तन वाढणं, वृषणं आकसणं, अंगावरचे केस विरळ होणं. तिथे पोटातलं पाणी उतरवायला दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोनही स्तनवाढीत भर घालतं.

वर्षांच्या टप्प्यावर आलं की आकड्यांचं भांडण सुरू होतं. सिएटलमधल्या लेमेर आणि स्मिथ या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ३७ वर्षांत उपचार केलेल्या सुमारे १७,००० व्यसनी रुग्णांच्या अनुभवावर लिहिलं की नपुंसकतेची तक्रार ८ टक्क्यांनी केली, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत ती दारू सोडून वर्षं लोटल्यावरही राहिली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अराकल आणि बेनेगल यांनी २००७ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्या १०० पुरुषांना प्रश्नावलीनं एकेक गोष्ट विचारली, तेव्हा ७२ टक्क्यांना कसली ना कसली कामसमस्या निघाली. आठ आणि बहात्तर. सिएटलमध्ये पुरुषानं आपणहून तोंड उघडायचं होतं. बंगळुरूत डॉक्टरांनी विचारलं. निम्हान्सच्या अभ्यासात शीघ्रपतन, कामेच्छा मंदावणं आणि ताठरतेचा दोष या तीन तक्रारी पुढे होत्या, आणि किती दारू घेतो हा सगळ्यात बळकट दुवा ठरला. मराठीत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे कामशिक्षणाचं मासिक १९२७ मध्ये सुरू केलं. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी आपल्या दवाखान्यांत हा प्रश्न अजून बहुतेकदा रुग्णानं स्वतः काढला तरच निघतो.

त्या यादीतलं शीघ्रपतन खटकतं. एका रात्रीची दारू वीर्यपतन लांबवते, मग वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची तक्रार नेमकी उलट कशी? माझ्या मते इथे दोन-तीन धागे गुंतले आहेत. काही पुरुष मुळात याच त्रासावर उपाय म्हणून पेग लावतात आणि तिथेच अडकतात. दुसरं, रोजच्या दारूला सरावलेली चेतासंस्था ती उतरताना अतिउत्तेजित होते: हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. त्या अवस्थेत अनुकंपी तंतूंच्या हाती असलेलं वीर्यपतन लवकर होणं स्वाभाविक आहे. आणि ताठरता टिकेल की नाही या धास्तीनंही माणूस घाई करतो.

आता खऱ्या अर्थानं नसा बिघडण्याची गोष्ट. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांपैकी पाव ते दोन तृतीयांश लोकांत परिघीय चेताविकार सापडतो, मोजण्याच्या पद्धतीनुसार. तो लांब तंतूंपासून सुरू होतो, म्हणून आधी पाय. तळव्यांची आग, मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं. चप्पल पायातून कधी निसटली ते न कळणं. कारणावर दीर्घ वाद झाला. १९३५ मध्ये बोस्टनच्या मॉरिस स्ट्रॉस यांनी एक धाडसी गोष्ट केली, जी आज कुठलीच नीतिसमिती होऊ देणार नाही: अशा रुग्णांना व्हिस्की चालू ठेवून पौष्टिक आहार आणि जीवनसत्त्वं दिली, आणि ते सुधारले. तेव्हापासून अनेक दशकं 'दारू नव्हे, ब-१ ची कमतरता' हेच उत्तर मानलं गेलं. २००३ मध्ये जपानमधल्या नागोयाच्या कोइके आणि सहकाऱ्यांनी ते उलगडलं. ज्यांच्यात ब-१ पुरेसं होतं अशा मद्यपींचा विकार वेगळा निघाला: हळू वाढणारा, जळजळीचा, बारीक तंतू आधी खाणारा. ब-१ च्या कमतरतेचा विकार वेगानं येणारा आणि ताकद हिरावणारा होता. बऱ्याच माणसांत दोन्ही एकत्र असतात, कारण रोजच्या क्वार्टरसोबत जेवण बाजूला पडतं आणि चकण्यावर रात्र निघते.

कामजीवनाच्या दृष्टीनं हे बारीक तंतू महत्त्वाचे आहेत. जळजळ आणि तापमान वाहून नेणाऱ्या तंतूंइतकेच बारीक तंतू स्वायत्त चेतासंस्थेत असतात, आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून ताठरता आणणारे तेच. लिंगाकडचे तंतू पायांइतके लांब नसतात, त्यामुळे तिथली संवेदना सहसा पायांआधी जात नाही. पाय ठणठणीत असून 'तिथली नस मेली' अशी तक्रार घेऊन कुणी आला, तर चिंता, औषधं, मधुमेह किंवा रक्तवाहिन्या यांकडे आधी बघावं. भिंतींवर 'नसांची कमजोरी' दूर करायची जाहिरात रंगवणारे पायांना सहसा हात लावत नाहीत. पायांची संवेदना तपासायचा, सेकंदाला १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क त्यांच्याकडे नसतो.

मर्यादित पिणाऱ्यांबद्दलचं संशोधन मी जरा घाईनं ओलांडतो, कारण त्यात गाळ जास्त आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ४० ते ७० वयाच्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत, १९९४ साली छापलेल्या निकालांनुसार, ५२ टक्क्यांत काही ना काही प्रमाणात ताठरतेचा दोष आढळला होता, म्हणजे या वयात हा प्रश्न दारूशिवायही सर्रास असतो. एकाच वेळी केलेल्या अनेक पाहण्यांत थोडी पिणाऱ्यांत तो न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसतो. पण न पिणाऱ्यांच्या रांगेत मधुमेह, हृदयविकार किंवा गोळ्यांमुळे सोडलेलेही उभे असतात. या आकड्यांवरून कुणी औषध म्हणून पेग सुरू करावा, इतका तो पुरावा भक्कम नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या सुरुवातीला दारूची कुठलीही मात्रा निर्धोक नसल्याचं म्हटलं, ते मुख्यतः कर्करोगाच्या संदर्भात.

घरात व्यसनातून आलेल्या कामदोषाचा सगळ्यात भयानक परिणाम नसेवर दिसत नाही, संशयात दिसतो. स्वतःला जमेनासं झालं की काही मद्यपी पुरुष दोष बायकोवर ढकलतात. तिचा फोन, दूधवाला, शेजारी, सगळ्यांवर पाळत सुरू होते. मद्यपींतला हा मत्सराचा भ्रम एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय मनोविकारतज्ज्ञांनीही नोंदवला होता. मारहाणीच्या कित्येक प्रकरणांमागे तो असतो. डॉक्टरकडे नवरा ताठरतेची गोळी मागायला एकटा आला असेल, तर बायकोला वेगळं विचारणं हे उपचारातलं पहिलं काम ठरू शकतं.

गोळीबद्दल. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ मध्ये. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही औषधं चेतातंतूंनी सुरू केलेला संदेश टिकवून धरतात. तो सुरूच झाला नाही, तर टिकवायला काही उरत नाही. म्हणून ज्याचे तंतू खरोखर झडले आहेत त्याला ती कमी लागू पडतात. दारूसोबत घेतली तर रक्तदाब दोन्हीकडून खाली जातो. चार-पाच पेगांवर टाडालाफिल घेऊन उठताना चक्कर येऊन पडणं हा ठाऊक असलेला धोका आहे. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल, तर ती घ्यायचीच नाहीत.

सोडल्यावर काय परत येतं, याचं उत्तर सिएटलच्या जुन्या लेखापेक्षा आज आशादायक आहे. २०२२ मध्ये भारतीय डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात ताठरतेचा दोष असलेल्या बहुतेकांत तीन महिने दारू बंद ठेवल्यावर सुधारणा दिसली. मेंदूचं दडपण काही दिवसांत उठतं, हार्मोन आठवड्यांत सावरतात, आणि चेतातंतू दिवसाला जेमतेम मिलिमीटरच्या हिशेबानं वाढतात. पायाची संवेदना परतायला महिने-वर्षं लागतात, कधी ती पूर्ण परततही नाही. सोडायला मोठंच रुग्णालय हवं असंही नाही. गोव्यात संगत या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून मोजक्या बैठका घडवल्या, आणि २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निकालात तीन महिन्यांनी धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं, नेहमीच्या उपचारात २६.

उपचारातली एक अडचण डॉक्टरांनीही लक्षात ठेवावी. दारू सुटण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम काहींच्या चेतातंतूंना स्वतःच इजा करतं. दारू सोडून दोन-तीन महिने झाले आणि पायांच्या मुंग्या वाढतच चालल्या, तर माणूस चोरून पितो असा निष्कर्ष काढण्याआधी ते औषध तपासावं; नाल्ट्रेक्सोन किंवा अकाम्प्रोसेट हे पर्याय आहेत. आणि पहिल्या महिन्यातल्या कामजीवनावरून काहीच ठरवू नये, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावं, कारण 'सोडली तरी जमत नाही, मग सोडून काय मिळवलं' असं म्हणत अनेक जण याच काळात परत बाटलीकडे वळतात. तिसऱ्या महिन्यानंतरही सकाळची ताठरता नसेल, तर साखर, ब-१२, यकृताच्या चाचण्या आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास घेतलेलं टेस्टोस्टेरॉन पाहावं.